चोरओटी होईपर्यंत

६ जानेवारी
बाळाचे ठोके ऐकू आले! सुहास दवाखान्यातच रडला. मी घरी येऊन.
गेल्या वर्षी आधी सगळ्यांना सांगितलं, मग 'राहिलं नाही' हेही सगळ्यांना सांगत बसले. तेव्हा मळमळ एकाएकी थांबली होती. या वेळी सासूबाई दिघाशीहून येऊन बसल्यात. ''चोरओटी भरेपर्यंत कोनाला सांगाचा न्हाय.'' म्हणजे तिसरा महिना लागेपर्यंत. बरं.

१० जाने.
गाईड मॅडमचा फोन. पीएच.डी.चं तिसरं प्रकरण कुठंय? प्राचीन ज्यू ज्ञानसाहित्यातलं 'रहस्य'. गुरू शिष्याला म्हणतो, रात्रंदिवस त्या रहस्याकडे बघ. ते आहे काय, हे कुठंच सांगत नाही. मॅडमना नेमकं तेच हवंय. तब्येत बरी नाही म्हटलं. ''म्हणजे काय झालंय?'' पित्त म्हटलं. महिनाअखेर नाही दिलं तर माझ्याकडे येऊ नकोस म्हणाल्या.

१७ जाने.
'रहस्य'साठीच्या मूळ शब्दाचा अर्थ साधारण 'जे व्हायचं आहे त्याचं रहस्य'. शेजारच्याच ओळीत जन्मवेळांचा उल्लेख. पुढे चर्मपत्र फाटलेलं. हसू आलं. प्रकरणाची एक ओळ सुचेना.

२२ जाने.
मळमळ नाही. कालही नव्हती. सुहासला सांगितलं नाही. बाहेर पॉवरलूमची खडखड, मी पोटावर हात ठेवून

२५ जाने.
चोरओटी. सासूबाईंनी दार लावून घेतलं, खण-नारळ काढला, तेवढ्यात शेजारच्या चाची खीर घेऊन दारात. ''अरे, हमको तो कब से मालूम है. तेरे यहाँ से छौंक की बू आनी बंद हुई, तभी समझ गई.'' वास सोसत नाही म्हणून मी फोडणी बंद केली होती, त्यावरून. गल्लीत महिनाभर कोणी सुकट भाजली नाही म्हणे. माझ्यासाठी. आणि तोंडातून कोणी चकार शब्द काढला नाही.
''मी न्हाय सांगला,'' सासूबाई. मग दोघी हसायला लागल्या. चाचींना आत घेतलं, ओटी त्यांनीही भरली. फार बरं वाटलं.

२६ जाने.
प्रकरण एका बैठकीत. रहस्य कोणालाच माहीत नसतं असं नाही. ते पुरं होईपर्यंत जाणती माणसं त्याला जपून वागतात.

२९ जाने.
मॅडमना खरं सांगितलं. ''अगं, आधी नाही का सांगायचंस? महिनाअखेर राहू दे.'' मग, ''पण रहस्य काय ते लिहिलंस ना?''
''नाही मॅडम. ते अजून व्हायचंय, एवढंच लिहिलंय.''
सोनोग्राफी गुरुवारी. मळमळ थांबल्याचं अजून कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी
ओटी झाली म्हणून चाचींनी आज सुकट भाजली. वास आला तशी मोरीकडे धावले. सासूबाई पाठ चोळतायत, चाचींना शिव्या घालतायत. मी ओकतेय आणि हसतेय.