पुल्गाला बोटीने पाठवते आहे

आचाओ, १८ फेब्रुवारी १९९१

चि. ओतिलियास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून संपवायला दोन दिवस लागले, कारण मी चष्मा चढवला रे चढवला की बाबांची हाक येते. तीही आईच्या नावाने. झटका आल्यापासून त्यांच्या लेखी मी कधी आई असते, कधी घरकामाला ठेवलेली बाई. आपल्याला एदेल्मीरा नावाची लेक आहे हे त्यांना शेवटचं कधी आठवलं होतं, ते आता मलाही आठवत नाही. कुत्र्यांची नावं मात्र कधी चुकत नाहीत.

तू लिहितेस, की घर विकावं, बाबांना घेऊन पुन्ता अरेनासला तुझ्याकडे यावं, आणि कुत्री कुणाला तरी देऊन टाकावीत, कारण तुझ्याकडे गालिचा आहे. गालिचा आहे हे मला ठाऊक आहे गं बाई. मागच्या पत्रांतून त्याचा रंग, लांबी, रुंदी, सगळं कळलं आहे.

आमची सकाळ कशी उजाडते ते सांगते, मग तूच ठरव. मी कितीही विनवलं तरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मग सार्जेन्तो येतो. आता त्याचं थोबाड पांढरं झालंय, मागचे पाय कुरकुरतात. पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून तो नुसता बघत राहतो. भुंकणं नाही, काही नाही. थोड्या वेळाने बाबा म्हणतात, की या बिचाऱ्याला बाहेर न्यायची या घरात कुणाला शुद्ध नाही, सगळं मेलं मलाच करावं लागतं. असं बडबडत विजार चढवतात. मग दोघं समुद्रावर जातात, सार्जेन्तो पुढे, बाबा मागे. कोण कुणाला फिरवतं ते विचारू नकोस.

पुल्गाचं तर नावच पिसू. आखूड पाय, एक कान उभा, एक पडलेला, आणि चोरटी इतकी की माझा एक मोजा रोज बटाट्यांच्या वाफ्यात सापडतो. पण मी खोपीतून लाकडं घेऊन घरात शिरले, की ही जणू मी वर्षभर दर्यावर होते अशी नाचते. परत लाकडं आणायला जावं, परत नाच. दिवसातून इतक्या वेळा आपल्या येण्याचा कुणाला आनंद होतो का, ओती? मला तरी दुसरं कुणी असं भेटलेलं नाही.

तरी तुझं म्हणणं खोडून काढायची ताकद आता माझ्यात नाही. शेजारच्या बाउतिस्ताला विचारलं. तो म्हणाला, की सार्जेन्तो म्हातारा असला तरी दाराशी बसायला चालेल, पण ती पिसू फुकट दिली तरी नको. बघू. मला झोप हवी आहे. बाकी काही नको.

तुझ्या डोळ्यांना जप, रात्रीची शिवू नकोस. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवर मोजू नकोस.

तुझी ताई,
एदेल्मीरा



पुन्ता अरेनास, ३ मार्च १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गालिच्यावरून टोमणा पोचला. शाळा उघडताहेत, त्यामुळे घरभर गणवेशांचे ढीग आहेत आणि पत्र लिहिताना तोंडात टाचण्या आहेत, म्हणून मी आज कमी बोलते आहे, नशीब समज.

तू माणूस आहेस की कुत्र्यांची आया, हे एकदा कळव. साठीला आलीस. बाबांना उठवायचं, जेवू घालायचं, चूल पेटती ठेवायची, बटाटे काढायचे, आणि वर त्या दोन जनावरांचं खाणं शिजवायचं! मागच्या वेळी मी आले होते तेव्हा सूपमध्ये केस निघाला होता. तू म्हणालीस, की तो सार्जेन्तोचा नाही, मेंढीचा असेल. म्हणजे जणू मेंढीचा चालतो!

मोजे चोरणाऱ्या प्राण्यात आनंद कसला, मला कळत नाही. आमचे हे गेल्यापासून मी एकटी राहते, घरात वस्तू ठेवली तिथे सापडते, आणि त्यातच मला सुख आहे. बाउतिस्ताला होकार दे. पिसूचंही काहीतरी होईल.

पण ताई, मागच्या पत्रात तुझं अक्षर ओळीखाली उतरत गेलंय. तुझं अक्षर असं कधीच नव्हतं. बरी आहेस ना? खरं लिही. रागावले तरी तुझीच आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
ओतिलिया



आचाओ, २४ मार्च १९९१

चि. ओतिलियास,
अ. उ. आ.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते, पण टाचण्या गिळू नकोस.

गेल्या आठवड्यात लाकडं आणताना खोपीच्या ओल्या पायरीवर माझा पाय सटकला की डोळ्यांपुढे अंधारी आली, नक्की सांगता येत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पाऊस लागला होता आणि सार्जेन्तो माझ्या पाठीला पाठ लावून आडवा पडला होता. चांगला ऊबदार. पुल्गाने या संधीचा फायदा घेऊन चुलीजवळ भाजून ठेवलेला मिल्काओचा अख्खा रोट खाल्ला, बटाटे किसून किसून माझे हात मोडले होते तो. मग तोंडाला चरबी माखलेली तशीच येऊन माझं नाक चाटत बसली. त्या वासानेच मी उठले असेन.

बाबा दारात उभे होते. मला वाटलं, कुणाला तरी हाक मारतील. त्यांनी बोट वर करून कुत्र्यांना दटावलं, की गलका करू नका, ती दमलीय, तिला झोपू द्या. आणि आत जाऊन बसले.

मला हसू आलं, ओती. चिखलात पडल्या पडल्या हसू आलं. इतक्या दिवसांत या घरात माझ्याबद्दल कुणी बोललेलं खरं वाक्य तेवढंच.

दवाखान्यातल्या नर्सने रक्तदाब पाहिला आणि भुवया वर केल्या. म्हणाली, विश्रांती घ्या. मी विचारलं, कुठे मिळते? तर तीही हसली. मनगट बांधलंय, म्हणून अक्षर पुन्हा उतरलंय.

बाउतिस्ताला अजून होकार दिलेला नाही. सार्जेन्तोची पाठ अंगाला लागलेली असताना मनाशी ठरवलं, की याला दुसऱ्याच्या दाराशी बसवणार नाही. हवं तर हट्ट म्हण.

माया असू दे, काळजी कमी कर.

एदेल्मीरा



पुन्ता अरेनास, २ एप्रिल १९९१

ती. ताईस, सा. न.

वाद नको. गणवेशांचा हंगाम संपला. पुढच्या बोटीने मी येते आहे. मी तिथे राहीन, तू माझ्या घरी जायचं आणि झोपायचं. किल्ली माझ्याबरोबर आणते. कुत्र्यांना आंघोळ घालून ठेव.

ओतिलिया



आचाओ, ५ मे १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे तुझ्या तारेवरून कळलं. धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. मी हात हलवत राहिले. पिसू तर बोट ठिपका होईपर्यंत रडत होती.

आता माझी हालत ऐक. पहिल्याच दिवशी मी घराला शिस्त लावली. दोन्ही कुत्री खोपीत, दाराला कडी. फरशी घासली, सूप गाळलं, सगळं कसं झकास. दुसऱ्या दिवशी बाबा उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी हात धरून ओढलं, तर म्हणाले, की ही नवी बाई फार दांडगट आहे, हिला कुणी आणलं? जेवण तोंडापाशी नेलं की तोंड फिरवायचे. मी चिडले, रडले, मग चुलीपाशी बसून माते चहाचे घोट घेत राहिले आणि कळलं, की तू दोन वर्षं हे एकटीने ओढलंस आणि मी तुला दुरून गालिच्याचा रंग कळवत होते.

उठून खोपीची कडी काढली. सार्जेन्तोने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ पलंगापाशी जाऊन हनुवटी टेकली. बाबा म्हणाले, की आलास का रे, कुठे उलथला होतास? आणि विजार मागितली. जेवण झालं ते असं: एक घास बाबांना, एक घास बाबांच्या हातून खाली. मी बघूनही बघितलं नाही.

पिसूने माझा शिवणाचा अंगुस्ताना गिळला. निघाला दुसऱ्या दिवशी, कसा ते विचारू नकोस. उकळत्या पाण्यात टाकला आणि तिला लाख शिव्या दिल्या. ती कान पाडून ऐकत होती. शिव्या संपल्यावर पोट वर करून आडवी झाली. ताई, त्या पोटाला हात लावल्यावर माणसाला पुढची शिवी सुचत नाही, हे तू कधी लिहिलं नव्हतंस.

पाऊस आहे. माझी कंबर गेली. तू कशी आहेस? दोन ओळी तरी टाक. जीव इथे टांगलेला आहे.

ओतिलिया



पुन्ता अरेनास, २६ मे १९९१

चि. ओतिलियास,
अ. उ. आ.

आल्यावर मी झोपले. जागी व्हायचे, खिडकीशी वारा आपटताना ऐकायचे, पुन्हा झोपायचे. तुझी गिऱ्हाइकं दार ठोकून कंटाळून गेली असतील, माफ कर. रक्तदाब उतरलाय असं इथल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. तुझ्या घरात कुणीच हाक मारत नाही. सुरुवातीला मला ते स्वर्गासारखं वाटलं.

एक सांगते, रागावू नकोस. मला बाबांची आठवण येत नाही. देवळात त्यांच्यासाठी मेणबत्ती लावते, पण ती सवयीने. आठवण येते ती त्या दोघांची. जेवताना पावाचा तुकडा खाली धरते आणि हात तसाच राहतो. पायांवर कुणी निजलेलं नसतं म्हणून पाय गार पडतात, तुझ्या तीन घोंगड्या घेऊनही. काल चौकात एका परक्या कुत्र्यापाशी इतका वेळ बसले, की त्याच्या मालकिणीने विचारलं, तुमचं काही हरवलंय का?

बोटीवरून मी वळून पाहिलं नाही, कारण पुल्गाचा आवाज ऐकू येत होता. वळले असते तर उतरले असते. आणि मला उतरायचं नव्हतं, ओती. लेकीने असं लिहू नये. पण मी अजून दमलेलीच आहे, आणि परत यायचं म्हटलं की छातीत धडधडतं.

तरी जूनअखेरच्या बोटीची चौकशी केली आहे. तुझं शिवणकाम अडलंय, आणि बाबा शेवटी दोघींचे असले तरी सवय मला आहे. येते. तोवर तुझी कंबर सांभाळ आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

एदेल्मीरा



आचाओ, १६ जून १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस.

रागावले नाही. रागवायला त्राण कुठे आहे? बाबांची आठवण मलाही येत नाही, ते सारखे समोरच बसलेले असतात! पण एक ऐक. परवा सूप भरवत होते, तर मला विचारलं, की ती पहिली बाई कुठे गेली? मी म्हटलं, विश्रांतीला गेलीय. चमचा हाताने बाजूला सारला. मग म्हणाले, की चांगली होती ती, आपण फार राबवली तिला. ती मागेल तितके दिवस सुट्टी द्या. नाव नाही आठवलं त्यांना, ताई. पण डोळे पुसले, मी पाहिलं.

तेव्हा मालकाकडून तुझी सुट्टी मंजूर आहे. शिलाईचं मशिन मी इथेच मागवते आहे, शाळा इथेही आहेत. घर विकायचं नाही. आपण आळीपाळीने करू. हा हिवाळा माझा.

सार्जेन्तोला मी देऊ शकत नाही, तो गेला तर बाबा उठायचे नाहीत. पण पुल्गाला बोटीने पाठवते आहे. आपला मावसभाऊ एवारिस्तो आता मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे. तो म्हणाला, की भटारखान्यात बसवून आणतो, कप्तानाला सांगायचं नाही. ती तुझ्या गमबुटांपाशी बसून असते, एक बूटही चोरत नाही, ते मला बघवत नाही. गालिच्याचं काय व्हायचं ते होवो.

इथे मी तिच्यावाचून काय करणार, हे मात्र कुणी विचारू नये. काल मला माझे दोन्ही मोजे जागच्या जागी सापडले तर चुकल्यासारखं झालं.

बोट तीन-चार आठवड्यांत लागेल. सार्जेन्तोतर्फे शेपटीचे दोन झटके. आमच्यावर लोभ ठेव.

ओतिलिया



पुन्ता अरेनास, १४ जुलै १९९१

चि. ओतिलियास,
अनेक आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा जास्त.

बोट लागली. पहाटेपासून धक्क्यावर उभी होते. एवारिस्तो तिला दोरीने धरून खाली घेऊन आला. भटारखान्याची कृपा: तिचं पोट जमिनीला टेकायच्या बेतात आहे. म्हणाला, की कप्तानाला तिसऱ्याच दिवशी पत्ता लागला, आणि चौथ्या दिवसापासून ती त्याच्या बंकवर झोपत होती, परत द्यायला तोच कुरकुरत होता.

तिने मला ओळखलं नाही, ओती. मी तुझा कोट घातला होता, अंगाला तुझ्या साबणाचा वास. माझ्यापुढून सरळ निघून गेली, दुसऱ्या बायकांचे बूट हुंगत. मग मी कोट काढून टाकला, त्या वाऱ्यात, आणि खाली बसले. ती थांबली. एक कान वर झाला. त्यानंतरचं लिहिता येत नाही. माझी टोपी समुद्रात गेली एवढं कळवते.

आज सकाळी बर्फ पडला होता. आपल्या बेटावर तिने तो कधी पाहिलेला नाही. दारातून एक पाय बाहेर टाकला, मागे घेतला, माझ्याकडे बघितलं, की हे तू केलंस का? मग जी उडी घेतली ती छातीपर्यंत रुतली. पुढे गेली, भुंकली, स्वतःच्या शिंकेला घाबरली, परत आली. मी तिच्यामागे धावले. धावले म्हणजे चार पावलं, पण धावले. समोरचा पाववाला दुकानाबाहेर येऊन बघत होता. म्हणाला, की बाई, पडाल. मी म्हटलं, पडले तर उठेन, घाई कुठे आहे?

बाबांना सांग, की पहिली बाई सप्टेंबरमध्ये, बटाट्यांच्या लावणीला, कामावर रुजू होईल. नाव आठवलं नाही त्यांना, तर नावावाचून तसंच सांग. आता धडधडत नाही. दमले आहे, पण ते आता आजार वाटत नाही, वय वाटतं.

आणखी लिहिणार होते, पण ही दाराशी बसून माझ्याकडे बघते आहे. बाहेर अजून बर्फ शिल्लक आहे. निघते.

दोघांना माझ्याकडून कुरवाळ, स्वतःलाही विसरू नकोस.

तुझी ताई,
एदेल्मीरा