बारशाच्या आधी

विजयदुर्ग,
सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

चि. संजूस,

ताईचा आशीर्वाद. तुझं पत्र आणि पार्सल शनिवारी पोचलं. दोन्ही झबली अजून सैल होतात, पण महिन्याभरात बसतील. सासूबाईंनी उलटसुलट करून टाके बघितले आणि म्हणाल्या, "संजूचो हात बरो आसा." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच.

मुली बऱ्या आहेत. मोठी पावणेपाच किलोची झाली, धाकटी सव्वाचार. धाकटी दूध ओढताना अजून दमते, मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहते. सुशीला रोज सकाळी दोघींना न्हाऊ घालायला येते. हे पहाटे होडीवर जातात ते अकराला परत. बांगडा बरा लागतोय. हात साबणाने धुतल्याशिवाय मुलींना उचलू नका म्हणून माझी रोजची कटकट, आणि ते रोज विसरतात.

बारसं रविवारी, दोन डिसेंबरला ठरलंय. मुली दवाखान्यातच महिनाभर राहिल्या, मग पाऊस, मग धाकटीचा खोकला, असं करत चार महिने गेले. ह्यांना बहीण नाही, तेव्हा कानात नाव मावशीनेच सांगायचं, हे सगळ्यांनाच पटलंय. तू लिहिलंयस, "ताई, त्या दिवशी तू दार उघडलं नसतंस तर मी आणि दिव्या कुठे गेलो असतो देव जाणे. तुझ्या मुलींना नाव मी ठेवणार, यापरतं मला काही नको."

हे वाचलं आणि पत्राची घडी करून मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. काल तीनदा तुला फोन लावला. तू "ताई, बोल" म्हणालीस की मी मुलींच्या खोकल्याचं काहीतरी सांगायची. म्हणून लिहायला बसलेय. आत्ता दोघी झोपल्यात.

कोल्हापूरच्या उपचारांचं तू मला दोनदा विचारलंस, त्रास झाला का म्हणून. मी म्हटलं, इंजेक्शनं टोचून घ्यायची, बाकी काय. ते खरं नाही. सगळं खरं मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांना सोडून. आणि एक गोष्ट अशी आहे की ती ह्यांनाही माहीत नाही. ती शेवटी लिहीन. आधी कोल्हापूरचं.

गेल्या वर्षी डिसेंबरात डॉक्टरांनी बाहेर काचेत पाच गर्भ तयार केले. तीन आत सोडले. उरलेल्या दोघांची वाढ बरोबर नाही, ठेवण्यासारखे नाहीत, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. संजू, मी पुढे काही विचारलंसुद्धा नाही. त्या दोघांचं काय केलं, कुठे टाकलं. मला त्या दिवशी भूक लागली होती, आणि मी ह्यांना म्हटलं की खाली इडली मिळते का बघा.

जानेवारीत सोनोग्राफी झाली तेव्हा तिन्ही धरले होते. हे हसले, मग रडले. पंधरा वर्षं आमच्या घरात पाळणा नव्हता. मी खाटेवर पडल्या पडल्या तिघांना कुठे कुठे निजवायचं ते ठरवत होते. मग फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. माझा रक्तदाब आधीच चढलेला, पिशवी लहान, वय अडतीस. म्हणाल्या, तिघांना घेऊन पुढे गेलात तर सहाव्या महिन्यातच होतील, आणि मग एकही हाती लागायचा नाही, तुमचंही सांगता येत नाही. "एक कमी करावा लागेल."

कमी करावा लागेल. ताटातला भात कमी करतात तसं.

मी विचारलं, "कोणता?" त्या म्हणाल्या, "सुईला जवळ असेल तो."

मी दोन दिवस सही केली नाही. आम्ही तिथेच एका लॉजवर राहिलो होतो. ह्यांनी जोर केला नाही. फक्त एकदा म्हणाले, "रुक्मी, दोघां तरी वाचांदेत." तिसऱ्या दिवशी नर्सने कागद पुढे ठेवला. वरची ओळ वाचून मी म्हटलं, हा तर गर्भपाताचा कागद आहे. ती म्हणाली, "कायद्यात हाच असतो ताई. यासाठी वेगळा नसतो."

मी सही केली. तूही कणकवलीला याच कागदावर सही केली असशील.

सुई पोटातून घातली. सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडून पलीकडे वळवला होता. डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात नर्सशी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. नंतर मी विचारलं, त्याला काढलं का? त्या म्हणाल्या, काढायचा नसतो, तो आतच राहतो, हळूहळू विरत जातो. म्हणजे संजू, फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत या दोघी त्याच्या शेजारी वाढल्या. तो होता की ती होती तेही मला ठाऊक नाही. धाकटी माझ्याकडे बघत राहते ना, तेव्हा मला वाटतं की सुई बोटभर इकडे आली असती तर ही नसती.

मुलींना घेऊन आलो तेव्हा वाडीतून माणसं नारळ घेऊन आली. ह्यांनी रामेश्वराला अभिषेक केला. सुशीला म्हणाली, "देवान दिल्यान ता दोन्ही हातांनी." मी मान हलवली. कोणी मला पापी म्हणालं नाही. कोणी विचारलंच नाही. मूल हवं असलेल्या बाईने दवाखान्यात काहीही केलं तरी त्याला उपचार म्हणतात.

आता नव्व्याण्णवच्या जूनकडे येते. तू म्हणशील, ताई, ते मी कधीच विसरले. तू विसरलीस, कारण तुला अर्धंच माहीत आहे.

तू तळेऱ्याहून एकटी आली होतीस. दिव्या आठ महिन्यांची, तुझ्या अंगावर पिणारी. तिच्या वेळी तुझं पोट फाडलं होतं, रक्त एवढं गेलं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, हे मी स्वतः बघितलं होतं. गणपत भावोजी रेडीला खनिजाच्या कामावर, महिन्यातून एकदा येणार. तू ओसरीवर बसलीस आणि म्हणालीस, "ताई, माका परत दिवस गेलेत. डॉक्टर म्हणता, आता लगेच नको. माझ्यान जावचा नाय. तू माझ्यावांगडा दवाखान्यात येशीत?"

मी म्हटलं, "जन्माक घाल आणि माका दी."

मग म्हणालीस, "ताई, मी मेलंय तर दिव्याक कोण बघतला?" तेव्हा मी तुला ते बोलले. खुनी म्हटलं. जिवंत जिवाला मारतेस, देव तुला बघून घेईल, असं म्हटलं. तू दिव्याला उचललंस आणि चहा तसाच ठेवून गेलीस. मग तुझी शेजारीण काशीबाई तुझ्याबरोबर कणकवलीला आली.

सहा आठवड्यांच्या त्या गर्भासाठी मी तुझ्यावर ओरडले, आणि काचेतल्या दोघांसाठी मला एक घास जड गेला नाही. जीव कुठून सुरू होतो ते मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. आता ठाऊक नाही. मी खूप विचार केला. तू केलंस ते बरोबर होतं, म्हणून मी केलं तेही बरोबर, असं म्हणून सुटावं असं कितीदा वाटलं. पण मनाला तसं पटत नाही. मला त्या तिसऱ्याचं दुःख आहे आणि ते जाणार नाही. तुलाही असेल. तू कधी बोलली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. एवढंच कळतं की तू दिव्यासाठी केलंस आणि मी या दोघींसाठी. तुला मी एका शब्दात दोषी ठरवलं, आणि मला डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास दिला, पाठीवर हात ठेवला.

खरं म्हणजे तेव्हा मला त्या जिवाचा कळवळा नव्हताच. राग होता. मी सात वर्षं नवस करत होते आणि तुला नको असताना मिळालं होतं. एवढंच होतं सगळं.

आता ती शेवटची गोष्ट.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुझी सासू यमुनाबाई इथे एका लग्नाला आली होती. लग्न आटपून माझ्याकडे चहाला आली. पाटावर बसून मला म्हणाली, "तुमका देवान काय दिल्यान नाय, आता आमच्याच सुनेची पोरां खेळवा. दिव्याच्या पाठीर झिल झालो, वंशाक दिवो मिळालो की मी सुटलंय." मी कपबशी तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "दुसरां इललां. तुमच्या सुनेनच काढून टाकल्यान."

तिने मला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडातून चुकून निसटलंही नाही. तुझ्या घरात काय होईल हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोलले. बोलून झाल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. तेही लिहिते. बरं वाटलं.

आठव्या दिवशी तू दिव्याला कडेवर घेऊन आणि एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. गणपत भावोजींनी सांगितलेलं, घरात पाऊल टाकायचं नाही. मी तुला पोटाशी धरलं. ते नाटक नव्हतं, पण त्याआधी काय झालं ते तुला सांगितलं नाही. दीड वर्ष तू माझ्या घरात राहिलीस. अंगणवाडीची नोकरी लागून कुडाळला जाताना माझ्या पाया पडलीस. मी पाय मागे घेतले नाहीत.

आणि काशीबाई. तुला वाटलं, दवाखान्याचं फक्त तिलाच माहीत, म्हणजे तिनेच सांगितलं असणार. तू तिच्या दारात जाऊन काय काय बोललीस ते तूच मला सांगितलं होतंस. मी तुला म्हटलं, जाऊ दे, लोक असेच असतात. आठ वर्षं तू तिचं तोंड बघितलं नाहीस.

गेल्या गुरुवारी मुलींना सासूबाईंकडे ठेवून मी तळेऱ्याला गेले. काशीबाई खूप थकलीय, एका डोळ्याने दिसत नाही. मागच्या दारी कोकमं निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "माका ठावक होता गो. यमुनाबायनच सांगल्यान माका, तुझ्या तोंडातसून कळला म्हणान."

मी म्हटलं, "मगे तुमी बोललास कित्याक नाय? तिना तुमका एवढा बोलल्यान."

ती म्हणाली, "तेवा ता संजू तुझ्या घरात रवत होता. माका बोलून ता रवला असता तर रवांदे म्हटलंय. तुझा नाव घेतलंय असता तर दिव्याक घेवन ता खंय गेला असता?"

संजू, तुला त्या दिवसांत घर मी दिलं असं तू म्हणतेस. ते काशीबाईने दिलं. गप्प राहून दिलं.

मी तिच्यासमोर रडले. तिने मला पाणी दिलं नाही आणि बरंच केलं. निघताना म्हणाली, "माका सांगून काय? तिका सांग."

म्हणून हे पत्र. बारशाच्या आधी तुला कळायला हवं. मुलींच्या कानाशी तू वाकशील आणि मनात माझे आभार मानत असशील, ते मला बघवणार नाही. तू आलीस तर ये. नाही आलीस तर बारसं होणार नाही, दुसऱ्या कोणाला मी उभं करणार नाही. सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत. त्यांना कारण मी सांगेन, आणि ह्यांनाही आज होडीवरून आले की सांगणार आहे.

माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग तुला रागावायचं राहून जाईल. आठ वर्षांचा राग आहे तो, आणि त्यावर तुझा हक्क आहे. काशीबाईकडे मात्र जाऊन ये. लवकर जा. तिचं काही खरं नाही.

दिव्याला यातलं किती सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. मी काही सुचवणार नाही.

पत्र पेटीत टाकायला मी स्वतःच चाललेय. ह्यांच्याकडे दिलं तर वाटेतून परत मागवून घेईन.

धाकटी उठली.

जिने तुझं घर मोडलं आणि मग तुला घरात घेतलं, ती,
रुक्मिणी