तीन भावांच्या खुणा

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
जुम्म्याहून हे आले ते अर्बाबला, गॅरेजच्या मालकाला, घेऊनच. ना फोन ना काही. मी इकडे ओढणी शोधतेय, तिकडे बिर्याणी लागतेय. अर्बाबच्या हातात खजुराचा खोका. म्हटलं चला, शेठ दिलदार झाला. उघडला तर आत तीन लोखंडी मॅगझिनं! बंदुकीला खालून लावतात ती, गोळ्या भरायची. रिकामी होती, गंजलेली. तरी मी आधी दार लावलं.

अर्बाबच्या मुलाचं लग्न आहे इब्र्याला, त्याच्या गावी. ह्या अरबांच्यात पुरुष बंदुका धरून ओळीत उभे राहतात, गातात. घराण्याच्या तीन जुन्या बंदुका आहेत, लायसनच्या. त्या त्याच्या घरीच. फक्त ही तीन चकाचक करून पाहिजेत. गॅरेजमध्ये नको म्हणे, तिथे सतरा लोक येतात. "घर में करो, रफीक. इन्शाल्ला अच्छा होगा."

मी आतून ह्यांना डोळे वटारून खुणावतेय, नाही म्हणा, नाही म्हणा. ह्यांचं आपलं "ऐवा अर्बाब, ऐवा अर्बाब."

माझा आणि सनाचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. अर्बाबच्या सहीशिवाय होत नाही. सही नाही तर आम्ही मायलेकी दापोलीला आणि हे इथे माबेल्यात एकटे. मग कोण नाही म्हणणार? मी तरी म्हटलं असतं का?

शनिवार, ९ नोव्हें.
मागच्या आंगणात कारखाना. हे गाड्यांचे पेंटर, घासण्यात पंधरा वर्षं गेली. ओरखडा दिसला की हात शिवशिवतात. माझ्या कुकरलासुद्धा एकदा पुट्टी लावलीय ह्यांनी!

थिनरने पुसायचं काम माझ्याकडे. गंज निघाल्यावर प्रत्येकाच्या कडेला ओरखडे दिसले. खोल, चाकूने काढल्यासारखे. म्हटलं, अहो, हे काय?
"जुन्या मालाला असतंच. आपल्याकडे आलं ना, आता नवीन होणार."
आधी ग्राइंडर मारून सपाट केलं. मग पुट्टी. मग पॉलिश पेपर. शीळ घालत.

सना: "मम्मी, हा गनचा पार्ट आहे? मी टीचरला सांगू?"
सांगून तर बघ म्हटलं. रडली. उगाच ओरडले.

सोम. ११
प्रायमर. तारेने कपड्यांच्या दोरीला टांगली, सनाच्या युनिफॉर्मच्या बाजूला. पलीकडची मल्याळी चेची भिंतीवरून, "क्या सुखाता है?"
"गाडी का सामान."
तेवढ्यात गल्लीतून पोलिसांची गाडी. मी धावत जाऊन तिन्हींवर चादर टाकली. गाडी गेली निघून, त्यांना काय पडलंय. चादर मात्र चिकटली ओल्या प्रायमरला. चादर गेली आणि कामही गेलं. ह्यांनी परत घासायला घेतलं, एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बुध. १३
काळा मॅट मारला. खोटं कशाला बोलू, सुंदर झालीत. तिळी भावंडं, कुठलं कुठलं सांगता येणार नाही. हेच ह्यांना फार आवडलं. "बघ, ओळखून दाखव!" फोटो पाठवला. अर्बाबचा लगेच फोन, माशाल्ला माशाल्ला. हे स्पीकरवर, मुद्दाम, मला ऐकू यावं म्हणून.

मग तो म्हणाला, माझा बाप फार खूश होईल. तीन बंदुका तीन भावांच्या, बापाची आणि त्याच्या दोन भावांची, दिसायला एकसारख्या. म्हणून तरुणपणी प्रत्येकाने आपापल्या मॅगझिनवर चाकूने खूण केली. दोघे भाऊ वारले. बाप आता आंधळा. खुणेवर अंगठा फिरवतो आणि सांगतो, ही माझी, ही मोठ्याची, ही धाकट्याची. लग्नात तोच नातवंडांच्या हातात देणार. खूण तेवढी सांभाळलीस ना, रफीक?

"ऐवा अर्बाब," म्हणाले हे.

फोन ठेवला आणि पायरीवर बसले. मी पाणी दिलं. प्यायले नाहीत.

गुरु. १४
दुपारी गॅरेजमधून लवकर आले. एकाची कडा खरवडून पाहिली, पुट्टीखाली काही राहिलंय का. खाली नुसतं चकचकीत लोखंड. ग्राइंडरने काय ठेवलं असणार! दुसरं खरवडलं. तिसरं तर मीच नको म्हटलं.
सांगून टाका म्हटलं. माणूस आहे, समजेल.
"सही होऊ दे आधी."
आणि लग्न आधी आलं तर?
खरवडलेल्या कडेवर परत पुट्टी भरायला घेतली.

शुक्र. १५
नमाजनंतर गेले होते सांगायला. शपथ घेऊन गेले होते. परत आले ते हलव्याचा डबा घेऊन. अर्बाबकडे सगळी भावकी बसलेली. त्याने फोटो फिरवला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, हा माझा माणूस. "एवढ्या लोकांत कसं सांगू, तूच सांग."
अल्लाहने तोंड कशाला दिलंय मग, हलवा खायला? असं म्हणाले मी. फार लागलं ह्यांना. हलवा सनाने खाल्ला.

शनि. १६
लिहायची लाज वाटते. पण कुठेतरी लिहिलंच पाहिजे.
खुणा परत काढल्या. हे म्हणाले, पुसताना तू नीट पाहिलंस, तू सांग. मी सांगितल्या. एकावर दोन उभ्या रेघा, एक आडवी. एकावर कोयतीसारखं वाकडं. तिसऱ्यावर ठिपके. दोन का तीन? मला आठवत नव्हतं. पण ह्यांचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून ठणकावून सांगितलं, तीन. मग कुठे हे उठले. आधी सनाच्या दुधाच्या डब्यावर हात बसवला, मग चाकू चालवला. वरून रंगाचा हात, त्यावर थोडी माती चोळली. जुन्यासारखं दिसतंय. दिसतंय म्हणे! ज्याला द्यायचं त्याला कुठे दिसतंय.

मंगळ. १९
असरच्या नमाजनंतर अर्बाब आला. आज घेऊन जाणार हे माहीत होतं. बापाला सोबत आणेल हे नव्हतं माहीत. इब्र्याला जाता जाता म्हाताऱ्याला कारागिराला दुवा द्यायची होती.

ओट्यावर गादी टाकली. म्हातारा बसला, पांढरी दाढी, हात थरथरणारे. हे समोर उभे, मी दारात. पहिल्यावर अंगठा फिरवला. थांबला. परत फिरवला. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. तिन्ही मांडीवर ठेवली आणि हसला. मला वाटलं, सुटलो.

त्याचं अरबी सोपं होतं, मलाही कळलं. म्हणाला, ही आमची नाहीत. चुकून दुसऱ्या कोणाची दिलीस, पोरा. होतं असं. आमची आत असतील, बघ. मी बसतो.

अर्बाबने एक उचललं, उन्हात धरलं. नखाने खुणेतली माती काढली. ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ते परत बापाच्या मांडीवर ठेवलं.

"ऐवा बाबा," म्हणाले हे आणि आत निघून गेले.

मी म्हाताऱ्याला काहवा दिला. दोन कप प्यायला, कप हलवून परत दिला, बस झालं म्हणून. अर्बाब म्हणाला, बाबा, यल्ला, उशीर होतोय. म्हातारा म्हणतो, भावांची आहेत, अशी सोडून कसा जाऊ. शोधू दे त्याला.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहितेय. म्हातारा ओट्यावर बसलाय. मागच्या खोलीतून ह्यांच्या हत्यारांच्या पेटीचा आवाज येतोय. एकेक वस्तू काढतायत, ठेवतायत, परत काढतायत.