फाटकावरचा फोटो

पांढुर्णा
७ जुलै २०२४

चि. सुमेधला ताईचा सप्रेम जय भीम.

फोनवर तू नुसतं ‘बरं आहे’ म्हणतोस, म्हणून कागद घेतला. परवा सोनाली येऊन गेली. तुझी बायको सहजासहजी रडणारी नाही, पण माझ्या ओट्यावर बसून रडली. तुझ्यासोबत काम करणाऱ्या शालिकरामचा हात तुझ्यासमोर मशीनमध्ये सापडला, तेव्हापासून तू झोपत नाहीस, भरल्या ताटावरून उठतोस, म्हणे. काहून लपवून राहिलास, बापू?

तुमच्या कारखान्यात समुपदेशनाच्या बाई येतात, बोललेलं बाहेर जात नाही, असं ती सांगत होती. मग जा ना. आमच्या नगरपालिकेत अशी सोय असती तर मी सगळ्यांच्या आधी गेली असती. लहानपणी डॉक्टरचं नाव काढलं की तू कोठीमागे लपायचास. आता पोट सुटलं, कोठीमागे मावणार नाहीस.

जाऊन आलास की कळव. माया आहेच.

तुझी
मालतीताई

बोरगाव
११ ऑगस्ट २०२४

ती. ताईस सुमेधचा जय भीम.

तुझं ऐकलं. पहिल्या खेपेला नुसता पंख्याकडे पाहत बसलो. बाईंनी घाई केली नाही. पुढच्या खेपेला सांगून टाकलं, की मशीन बंद करायचं बटण माझ्या बाजूला होतं आणि माझा हात पोचायला उशीर झाला. हे सोनालीलाही बोललो नव्हतो. बाई म्हणाल्या, बटण इतक्या दूर बसवणारे तुम्ही नव्हते. ताई, त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि झोपलो.

आता कारखान्याच्या साहेबांनी माझा फोटो काढून नेला. फाटकावर मोठा लावून राहिले, खाली लिहिणार ‘मी बोललो, तुम्हीही बोला’. लाज वाटली, पण हो म्हटलं. आपल्यासारखा कोणी कुढत असेल, तर जाईल तरी.

असाच जीव लावत राहा.

तुझा
सुमेध

पांढुर्णा
१८ ऑगस्ट २०२४

चि. सुमेधला जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ फाटकावर लागून राहिला, तेही निवडणुकीला उभा न राहता. फोटोत मिशी नीट केली होतीस ना? शालिकरामला भेटायला मोहगावला जा. आता तुला त्याच्यासमोर बसता येईल.

तुझी
ताई

बोरगाव
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस जय भीम.

मोहगावला गेलो नाही. आता जाताही येणार नाही.

अपघाताच्या चौकशीत मला बोलावलं. साहेबांनी मी बाईंपाशी बोललेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, “माझा हात पोचायला उशीर झाला.” बटण दूर आहे हा विषय कोणी काढला नाही. चूक सोबतच्या कामगाराची, म्हणजे माझी, मशीनची नाही, असं ठरलं. त्यावरून शालिकरामची भरपाई अडकली. त्याच्या बायकोनं, देवकाबाईनं, मला सौसरच्या बाजारात पाहून तोंड फिरवलं. मला मशीनवरून काढून खोके बांधायला बसवलं आहे, माझ्याच तब्येतीसाठी म्हणे. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, वरून मागितलं, द्यावं लागलं. त्या रडल्या. मी काय करू त्यांच्या रडण्याचं?

फोटो अजून फाटकावरच आहे. काल सुटी झाल्यावर त्याच्याखाली अंकुश थांबला. शालिकरामच्या मशीनवर आता तोच असतो. मशीनची भीती वाटते म्हणून दुपारी दारू पिऊन येऊन राहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, मी बी जाऊ का बाईकडे? तुले फरक पडला म्हणतात.”

फरक पडला होता, ताई. खरंच पडला होता.

मी म्हटलं, “नको जाऊ.”

तो म्हणाला, बरं झालं तुले विचारलं. आणि दारूच्या दुकानाकडे वळला. मी त्याला हाक मारली नाही.

तुझं काही चुकलं नाही. माझ्यावरची माया कमी करू नको.

तुझा
सुमेध