इंग्रजीतून पायी जाणे

३ फेब्रुवारी, सकाळी ७
मानोऱ्याच्या इंग्लिश शाळेत ट्रान्सपोर्ट इन्चार्जची जागा. इंटरव्ह्यू १२ तारखेला, अकरा वाजता. पहिला प्रश्न आतून कळलाय: ‘हाऊ डू यू कम टू स्कूल?’ नोकरी माझीच. उत्तरं तीन. ऑन फूट, बाय सायकल, बाय बस. अडचण एकच, मी मोटारसायकलशिवाय कुठं जात नाही आणि इंग्रजीत खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. म्हणून तिन्ही प्रकारे एकेकदा मानोऱ्याला जायचं. बायको म्हणाली, त्यापेक्षा पाठ करा. रीताला पद्धत कळत नाही.

४ फेब्रुवारी
पायी निघालो. अर्ध्या किलोमीटरात तीन गाड्या थांबल्या. दोघांना नको म्हटलं. तिसरे आमच्या तांड्याचे नायक, रतनसिंगकाका. म्हणाले, “काहून पायी? पोहरादेवीचा नवस बोल्ला काय?”
एवढ्या मोठ्या माणसाला इंग्रजीचं काय सांगणार? हो म्हणून मान डोलावली. काकांचे डोळे भरून आले. एकट्यानं कायले, सारा तांडा सोबत येईल म्हणाले आणि मला गाडीवर बसवून घरी आणून सोडलं.

६ फेब्रुवारी
सायकल. फाट्यावर चेन पडली. म्हणजे निम्मं इंग्रजी झालं.
संध्याकाळी सात घरांतून देवीसाठी नारळ आले. लोक पाया पडतात. छान वाटतं. हा रुबाब इंटरव्ह्यूत दिसेलच.

९ फेब्रुवारी
काकांनी पोहरादेवीला पायी निघायचा दिवस ठरवला. बारा तारीख, पहाटे. घाबरलो नाही. शाळा वाटेवरच आहे. पावणेअकराला घोळक्यातून हळूच सटकायचं, इंटरव्ह्यू द्यायचा, पुढं धावत गाठायचं. रीता माझी फाइल घेऊन बसनं थेट शाळेत येईल. बसचा अनुभव तिलाच विचारून घेईन.

१२ फेब्रुवारी, पोहरादेवी, संध्याकाळ
घोळका कसला, मिरवणूक होती. सगळ्यांत पुढं मी, गळ्यात हार, मागं डफडं. शाळेच्या फाटकातून मोठ्या मॅडमनी मला हात जोडले. मीही जोडले आणि चालत राहिलो. तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पायाला चार फोड.

१३ फेब्रुवारी
रीता फाइल घेऊन ऑफिसात बसली होती. मोठ्या मॅडमनी तो प्रश्न तिलाच विचारला. ती म्हणाली, बाय बस. मग कोणती बस, किती वाजता, कोणत्या फाट्यावर किती पोरं उभी असतात, सगळं तिनं सांगितलं. तीही बी.ए. आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. नोकरी तिला दिली.
मी विचारलं, तुला बसचं एवढं कसं माहीत?
“गाडी तुमी नेता. चार वर्सं झाली, मी मानोऱ्याले बसनंच जाऊन राह्यली.”
सोमवारपासून रोज साडेनऊला तिला गाडीवर शाळेत सोडायचं आहे. म्हणजे ट्रान्सपोर्ट शेवटी माझ्याकडेच आलं.