नकाशातली कोरी चौकट

सोमवार, ३ तारीख

एकदाच्या आलो! बॅगा रिकाम्या झाल्या, कपडे टांगले, चपला पलंगाखाली गेल्या. ताई वरच्या मजल्यावर चहाच्या शोधात गेली आहे आणि मी केबिनचं दार लावून नुसती कान देऊन बसले आहे. काय ऐकू येतंय? काही नाही. दोन महिने डोकं पिकवलं ते ह्यासाठीच.

माझी झोप हा आमच्या घराण्यात थट्टेचा विषय आहे. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी मी उठून बसते. घरात टिकटिकणारं घड्याळ नाही, आणि पाहुणे मुक्कामाला यायचे कधीच बंद झालेत. त्यात धंदाही कानाचाच, लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचा. डोळ्यांना पापण्या दिल्या आणि कानांना दिल्या नाहीत, ही देवाची ढळढळीत चूक आहे असं माझं जुनं मत आहे.

ताई गेल्या महिन्यात निवृत्त झाली. जन्मभर इस्पितळात नर्स, शेवटी मेट्रन. तिच्या मुलाने आम्हा दोघींना ही बोटीची सफर भेट दिली आणि केबिन निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी बोटीचे सगळे नकाशे मागवले आणि परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. पोहण्याच्या तलावाखालची केबिन नको, पहाटे तिथे खुर्च्या ओढतात. नाचघराच्या जवळची नको. लिफ्ट, जिना, स्वयंपाकघर, इंजिन, सगळ्यांवर काट मारली. शेजाऱ्याच्या केबिनमध्ये उघडणारं मधलं दार असेल तर मुळीच नको. गाळून गाळून एक उरली. खालच्या मजल्यावर, बोटीच्या बरोबर मध्यावर, बिनखिडकीची. वर केबिन, खाली केबिन, आणि पलंगाच्या भिंतीपलीकडे नकाशात नुसती एक कोरी चौकट. अशा कोऱ्या चौकटीत पंप असतात नाहीतर धुलाईयंत्रं, हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून कंपनीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की तिथे काहीच नाही, बंद जागा आहे, तिला दारसुद्धा नाही. मला लॉटरी लागल्यासारखं झालं. भाच्याने विचारलं, मावशी, तू खोली घेतेयस की तिजोरी?

आता ताई घोरते, आणि चांगली दणदणीत घोरते. पण ताईचं घोरणं हा माझ्या लेखी आवाजच नव्हे. आई गेली तेव्हा मी जेमतेम बोलायला लागले होते आणि ताई शाळा संपवत होती. तेव्हापासून तिच्या कुशीत ते घोरणं ऐकतच मी झोपत आले. ते चालू असलं की जग जागच्या जागी आहे असं वाटतं. भिंतीकडचा पलंग तिने घेतला, कारण तिला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय आहे.

मंगळवार, ४

झोपले! मेल्यासारखी झोपले. सकाळचा नाश्ता बुडाला, त्याचंही दुःख नाही. आरशात बघितलं तर डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झालेली. ताई म्हणाली की एवढ्या वर्षांच्या रात्रपाळ्यांची सगळी थकबाकी आज वसूल झाली. आणि जेवण झाल्यावर ती पुन्हा आडवी झाली ती थेट संध्याकाळपर्यंत.

केबिन आवरायला येतात त्यांचं नाव आम्ही मिशीवाले ठेवलंय. भले गृहस्थ आहेत. मी खोलीची स्तुती केली तर त्यांची कळी खुलली. सांगत होते की ह्या केबिनची तक्रार आजवर एकाही प्रवाशाने केलेली नाही. मागच्या फेरीला एक म्हातारं जोडपं होतं, त्यांना इतकी गाढ झोप लागायची की शेवटच्या दिवशी दोघांना चाकाच्या खुर्चीत बसवून तसंच झोपेतच खाली उतरवावं लागलं. मिशीवाले हसले. आम्हीही हसलो.

बुधवार, ५

आज दुपारी जेवून दोघी पडलो होतो. मला दचकून जाग आली. आवाजाने नव्हे. ताई घोरत नव्हती, त्याने.

खिडकी नाही, त्यामुळे दिवा मालवला की भरदुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. वाटलं ती उठून बाहेर गेली. चाचपून पाहिलं तर पलंगावरच होती. श्वास चालू होता, पण गुळगुळीत. लांब आत, मग थांबणं, मग लांब बाहेर. आणि त्याच्या मागोमाग, किंचित उशिराने, आणखी एक श्वास. माझा नव्हे. माझा मी धरून ठेवला होता.

भिंतीला कान लावला. पलीकडे माणसं झोपली आहेत, आणि एकदोन नव्हेत. लहानपणी ताईची पाळी संपेपर्यंत मी इस्पितळातल्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून राहायची, तेव्हा झोपलेल्या वॉर्डाचा आवाज कसा असतो ते मला पाठ झालं. कुणी कण्हतं, कुणी खोकतं, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. इथे तसं नाही. हे सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि एकाच वेळी सोडतात.

पियानोच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. मी किल्ली फिरवत जाते तशी ती थरथर मंदावते, आणि तारा जुळल्या की मरते. ताईचा श्वास आणि भिंतीचा श्वास ह्यांच्यात मला ती थरथर ऐकू येत होती. ती मंदावत होती.

मी दिवा लावून ताईला गदागदा हलवलं. उठली आणि मला चार शब्द सुनावले.

गुरुवार, ६

ताईला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. म्हणाली, तुला सुखसुद्धा बोचतं गं, आवाज असला तरी जागी, नसला तरी जागी! मी तिला भिंतीला कान लावायला लावला. तिला काही ऐकू आलं नाही. पण कान लावल्या लावल्या तिचे डोळे मिटायला लागले. मी ओढून बाजूला केलं.

बाहेरून त्या जागेला पूर्ण फेरी मारली. सगळीकडे सपाट भिंत, दार कुठेच नाही. मिशीवाले म्हणाले की बोट बांधतानाच ती जागा पोकळ ठेवलेली आहे, का ते त्यांनाही ठाऊक नाही. खालच्या काउंटरवर केबिन बदलून मागितली. बोट खचाखच भरलेली आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, फार आवाज येतो का? काय सांगणार, कपाळ!

म्हणून ताईला घेऊन दुपारभर तलावाकाठी बसले. पोरांचा कल्ला, बँड, पाण्यात धपाधप उड्या. ताई खुर्चीत झोपली. घोरली नाही. त्या सगळ्या गोंगाटात मी तिच्या तोंडाशी कान नेला, तर तोच लांब श्वास, तेच थांबणं. भिंत तीन मजले खाली राहिली होती.

हलवलं. हाका मारल्या. गालावर पाणी शिंपडलं. किती तरी वेळाने तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहत असेल. मग ओळखलं. स्वप्न पडलं म्हणाली. मोठा वॉर्ड, सगळे पेशंट शांत, कुणालाही दुखत नाही, आणि एकच खाट रिकामी. तिची चादर ती नीट करत होती. इतकं बरं वाटलं म्हणाली, की तू उठवलंस त्याचा रागच आला.

मला रडू आलं. तिच्यासमोरच रडले.

शुक्रवार, ७

काल केबिनमध्ये गेलोच नाही. बैठकीच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून रात्र काढली. ताई झोपते, मी ऐकते. घोरणं पाच-दहा श्वास टिकतं. मग गुळगुळीत होत जातं. थरथर मंदावते. मरायच्या आत मी तिला हलवते. ती चिडते, पाणी पिते, पुन्हा झोपते. पुन्हा ऐकायचं. ह्या अख्ख्या बोटीवर हे ऐकू येणारी मी एकटीच, आणि मला कुणी कान द्यायला तयार नाही.

मधलं थांबणं लांबत चाललंय. श्वास आत जातो आणि — वाट बघावी लागते.

बोटीवरच्या डॉक्टरांकडे नेलं. ताईला तपासलं. नाडी संथ आहे, पण उत्तम आहे म्हणे. ह्या वयात अशी झोप लागणं म्हणजे भाग्य. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही किती दिवस झोपला नाहीत, म्हणून विचारलं. मी भिंतीचं सांगितलं, आणि सांगताना मलाच कळलं की मी वेड्यासारखी बोलते आहे. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मी घेणार नाही म्हटलं. मेट्रनबाईंकडे देतो, त्या बघतील, म्हणाले. केबिनमध्येच विश्रांती घ्यायची असं बजावलं.

दोघेही दवाखान्यातली माणसं. एकमेकांकडे बघून मान हलवली.

शनिवार, ८ — सकाळ

उद्या उजाडलं की किनारा. तेवढं निभलं पाहिजे. जमिनीवर पाय ठेवला की भाच्याला फोन, मोठं इस्पितळ, काय वाटेल ते.

हॉलमधून उठवलं आम्हाला. कार्यक्रम आहे म्हणे. केबिनमध्ये आलोय. टीव्ही मोठ्याने लावलाय. आवाज आहे, पण पांघरुणाखालून आल्यासारखा.

भिंतीला कान लावावा लागत नाही आता. पलंगावर बसून ऐकू येतं.

दुपार

मी डुलकी घेतली. उभ्या उभ्या. क्षणभरच असेल. भानावर आले तर थरथर नव्हती. एकच श्वास होता, ताईचा कुठला आणि भिंतीचा कुठला —

तिच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. श्वास ऐकू येत होता. भिंतीतून.

ओरडले. मारलं तिला. माझ्या ताईला मी थोबाडीत मारली. मग छाती वर आली, एकदम, पाण्यातून वर यावं तशी. खोकली. घोरली. देवा, ते घोरणं —

पुन्हा डुलकी नाही. काही झालं तरी नाही.

संध्याकाळ

ताई आपणहून उठली! अगदी ताजीतवानी. केस विंचरले. माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली काय दशा करून घेतलीस गं. वर जाऊन माझ्यासाठी गरम दूध घेऊन आली. साखर घालून, लहानपणी द्यायची तसं. समोर बसून प्यायला लावलं. मला इतकं बरं वाटलं, की घटाघट प्यायले. उद्या किनारा. जिंकलो असं वाटलं —

तळाशी पांढरं काहीतरी होतं. साखर नव्हे.

तिने लपवलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या, सगळ्या कुटून घातल्या म्हणाली. मला काही होत नाही बाळा, पण तू जागून जागून मरशील. मी आहे ना.

घशात बोटं घातली. थोडंच पडलं.

बेल दाबली. मिशीवाले आले. ताई दारातच त्यांच्याशी बोलली, बहिणीला बरं नाहीये, सकाळपर्यंत कुणी दार वाजवू नका. ते हो म्हणाले. दाराला पाटी अडकवली. ओरडायला गेले, तर जीभ जड —

पलंगावर आणून बसवलं तिने मला. शेजारी. भिंतीकडे. स्वप्नात आता दोन खाटा आहेत म्हणते. एकमेकींना लागून. माझी चादर तिने स्वतः घातलीय. तू एकटी राहू नयेस म्हणून —

किती प्रेमाने सांगते आहे.

दिवा चालू ठेवलाय. तेवढं ऐकलं माझं. भिंतीकडे तोंड करून आडवी झालीय. घोरते आहे. घोरते आहे तोवर ठीक.

लिहीत राहायचं. हात हलतोय तोवर जागी.

ताई ताई ताई

घोरणं थांबलं. आता थरथर. ऐकू येतेय. आहे अजून. मंद होतेय. हलवायला हवं. तिचा हात एवढ्याशाच अंतरावर आहे.

किती शांत आहे. अशी झोप जन्मात कधी —

नाही. उठायचं. ताईला हलवायचं. डोळे मिटले नाहीत, नुसते टेकलेत. एवढी ओळ झाली की उठ