पाण्यावाचून राहण्याचा सराव

ती. ताईस साष्टांग नमस्कार (या खोलीत दंडवत घालायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात घातलाय, पोचला असं समज).

तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही, म्हणजे तू अजून रागावलेली आहेस आणि तब्येतीने ठणठणीत आहेस. आईनंतर तूच मला वाढवलंस आणि मी तुला न विचारता परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जायला नाव दिलं, तेव्हा राग बरोबरच आहे.

मी मात्र मजेत आहे, घरची आठवण अजिबात येत नाही. तिकडे पाठवण्याआधी आम्हाला एका घरात कोंडून एकमेकांना सहन करायला शिकवतात. माझ्या खोलीतले मास्तर झोपेत हजेरी घेतात (मी एकदा 'हजर' म्हणालो, तेव्हा कुठे गप्प झाले). नर्सबाईंच्या स्वयंपाकाच्या पाळीचा भात पेशंटसुद्धा परत पाठवील. आणि आमच्यावर देखरेख करणारे काका, त्यांना आम्ही सुभेदार म्हणतो.

तर परवा सकाळी नळाला पाणीच नाही! मास्तर तोंडाला साबण फासून उभे. घरात माझ्यासारखा प्लंबर असताना ही कसली थट्टा? मी पाना घेऊन अंगणातलं झाकण उघडलं, तर मेन कॉक बंद (कुठल्या गाढवाने केला, अशी मोठ्याने चौकशीही केली). सोडला. पाणी आलं, टाळ्या पडल्या आणि मागे पाहतो तर सुभेदार. कॉक त्यांनीच बंद केला होता. तिकडे नळ नाहीत, म्हणून दिवसभर पाण्यावाचून राहायचा सराव होता म्हणे. तो मी मास्तरांचं तोंड धुऊन होईपर्यंतही टिकू दिला नाही. आता शिक्षा म्हणून सगळ्यांचं पाणी मी कोपऱ्यावरच्या हापशावरून आणतो.

काल तिथे रिकाम्या बादलीत थेंब टपकायला लागले आणि आपला स्वयंपाकघरातला गळका नळ आठवला, त्याखालचं तुझं तपेलं, आणि 'गावभर नळ दुरुस्त करतोस, घरचा कोण करणार?' हा माझा रोजचा उद्धार. रडू आलं गं. मागे रांगेतल्या बाईंना वाटलं, हापसा जड जातोय.

तुझा न ऐकणारा,
धाकटा

ता. क. रविवारी निरोपाचं जेवण आहे, सगळ्यांच्या घरचे येणार. माझी ताई येणारच, असं मी सांगून बसलोय. राग गेला नसेल तर रागासकट ये. बोलू नकोस हवं तर, पण ये.

पुन्हा ता. क. नळाला दुसरा प्लंबर बोलावू नकोस. गळू दे. मी परत आल्यावर मीच करणार आहे.